चाल हेही भाष्य : ‘गीतरामायणा’तील संगीतकाराचे निर्मितिकार्य

१.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात ‘गीतरामायणा’चा विचार बहुधा ग. दि. माडगूळकरांची काव्यकृती म्हणून होतो. कथानिवड, व्यक्तिचित्रण, वृत्तरचना, वाल्मीकींशी असलेले नाते हे मुद्दे पदव्युत्तर वर्गात सविस्तर येतात. संगीतकार सुधीर फडके यांचा उल्लेख मात्र एखाद्या गौरवपर वाक्यात संपतो. संगीत ही कवितेवर बाहेरून चढविलेली सजावट आहे, असे गृहीतक या व्यवहारामागे दिसते. संगीतकार हा कवितेचा पहिला वाचक व पहिला भाष्यकार असतो आणि त्याची निर्मितिशीलता या भाष्यातच शोधावी लागते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२.

प्रथम कार्यपरिस्थिती लक्षात घेऊ. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही मालिका १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, सुरू झाली आणि १९५६ च्या रामनवमीपर्यंत चालली. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५२ ऐवजी ५६ झाली. आठवड्यास एक नवे गीत, म्हणजे कवीकडून संहिता येणे, तिला चाल लावणे, गायक ठरविणे, तालीम घेणे आणि ध्वनिमुद्रण करणे हे सारे आठवड्याच्या मर्यादेत बसवावयाचे होते. स्फूर्तीची वाट पाहत थांबण्याची सवड या व्यवस्थेत नव्हती.

अशा नियतकालिक कामाला आपण सहजपणे ‘कारागिरी’ म्हणतो आणि ‘प्रतिभा’ तिच्याहून वेगळी काढतो. येथे मम्मटाचे काव्यहेतुविवेचन उपयोगी पडते. शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन स्वतंत्र हेतू न मानता त्या तिहींना मिळून तो एकच हेतू मानतो. फडके यांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. कोल्हापुरात वामनराव पाध्ये यांच्याकडे मिळालेले रागसंगीताचे शिक्षण, उमेदवारीच्या काळातील भटकंती, ध्वनिमुद्रिकांचे काम, १९४६ च्या ‘गोकुळ’पासूनचा चित्रपटसंगीताचा अनुभव आणि माडगूळकरांबरोबर आधीच जमलेली जोडी, ही सारी पूर्वतयारी त्या वर्षी कामास आली. आठवड्याच्या मुदतीत सुचलेल्या चालीमागे अनेक वर्षांचा अभ्यास उभा होता.

३.

आता भाष्याचा मुद्दा. मालिकेचे पहिले गीत निवेदनाचे आहे. कुश आणि लव रामासमोर रामकथा गातात. पिता-पुत्रांचे नाते श्रोत्याला ठाऊक आहे, त्या तिघांना नाही. या प्रसंगातील कारुण्य चालीतून उघड करणे सोपे होते. फडके यांनी भूप हा मध्यम-निषादवर्जित, पाच स्वरांचा सरळ राग निवडला. चालीत प्रसन्नता आहे, पाठांतराची स्वच्छता आहे. जे पात्रांना माहीत नाही ते स्वरांनीही सांगितलेले नाही. म्हणूनच श्रोत्याच्या मनातील जाणीव अधिक तीव्र होते.

चित्रकूटावर राम भरताचे सांत्वन करतो ते गीत याहून अवघड आहे. त्यात मानवी जीवनाच्या पराधीनतेविषयीची विधाने एकामागून एक येतात. कडवीही पुष्कळ आहेत. निव्वळ वाचनात ते उपदेशपर वाटण्याचा धोका संभवतो. यमनकल्याणातील चालीने हा धोका टाळला आहे. तिच्यात आक्रोश नाही, तसा प्रवचनाचा आवेशही नाही. धाकट्या भावाला जवळ बसवून समजूत घालणाऱ्याचा संथपणा तिच्यात आहे. तत्त्वविधानाला संवादाचे रूप देणे हे येथे संगीतकाराचे अर्थनिर्णयन होय.

अखेरचे गीत वाल्मीकींच्या तोंडी आहे. ते शिष्यांना गायनासाठी निरोप देतात. त्यासाठी भैरवी योजली आहे. मैफलीच्या संकेतानुसार भैरवी म्हणजे समाप्ती. कथेच्या क्रमात मात्र हा प्रसंग पहिल्या गीताच्या अगोदरचा आहे. जेथे श्रवण संपते तेथे गायन सुरू होते, ही वर्तुळरचना कवीची; रागयोजनेने तिला पूर्णत्व दिले.

४.

सादरीकरण बदलले की संहितेचा प्रकारही बदलतो, हेही येथे पाहता येते. बहुतेक गीते त्या त्या पात्राच्या उक्ती आहेत. नभोवाणीवर फडके यांच्यासमवेत माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक आदींचे आवाज होते. त्यामुळे मालिकेला श्राव्य नाट्याचे रूप आले. पुढे फडके यांनी एकट्याने जाहीर कार्यक्रमांत हीच गीते गायिली, तेव्हा तेथे कीर्तनपरंपरेतील आख्यानकार अवतरला. १९५७ मध्ये निघालेल्या पुस्तकात शब्द तेच राहिले. मात्र ही दोन्ही रूपे छापील पृष्ठावर उतरणे शक्य नव्हते.

अन्य भाषांतील अनुवादांची साक्षही महत्त्वाची आहे. अनुवादकांनी आपली रचना मूळ चालींवर गाता येईल अशी बेतली. म्हणजे चाल ही अनुवादकांपुढे जणू छंद म्हणून उभी राहिली. बाहेरून चढविलेल्या सजावटीला असे स्थान मिळत नाही.

५.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. चाल इतकी रुजते की कविता तिच्याविना वाचताच येत नाही. एखादी शिथिल ओळही स्वरांच्या आधाराने खपून जाते. यावरचा उपाय चाल विसरणे हा नव्हे. तिचे कार्य वेगळे ओळखणे हा आहे. यशवंत देव यांनी रूढ केलेली ‘शब्दप्रधान गायकी’ ही संज्ञा या दृष्टीने उपयुक्त आहे, कारण शब्दांचे प्राधान्य सांभाळणे ही तिच्यात संगीतकाराची व गायकाची जबाबदारी ठरते.

अध्यापनात एक साधी पद्धत अवलंबिता येईल. विद्यार्थ्यांनी गीत आधी मोठ्याने वाचावे, यतिस्थाने व आघात टिपावेत. नंतर ध्वनिमुद्रण ऐकून संगीतकाराने कोणता शब्द लांबविला, कोणत्या शब्दावर सम ठेवली, कोठे विराम घेतला हे नोंदवावे. दोन्ही नोंदींत जेथे अंतर पडेल तेथे संगीतकाराचे वाचन सापडेल. फडके (१९१९–२००२) यांच्यासारख्या रचनाकारांनी असे वाचन आयुष्यभर केले. ते स्वरांत असल्यामुळे आपल्या समीक्षेने त्याची दखल घेतली नाही. ही उणीव भरून काढणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकांचेच काम आहे.