‘अनफॅमिलिअर’नंतर ‘विथ’ की ‘टू’?

प्रश्न : नव्या नोकरीत साहेबांना ईमेल केला, ‘आय ॲम अनफॅमिलिअर अबाउट धिस सॉफ्टवेअर.’ सहकारी म्हणाली, ‘अबाउट’ चुकलं. मग ‘विथ’ लिहू की ‘टू’? दोन्ही वाचनात येतात.

उत्तर : दोन्ही बरोबर, पण जागा वेगळ्या. ज्याला माहिती नाही तो माणूस कर्ता असेल, तर ‘विथ’ : ‘आय ॲम अनफॅमिलिअर विथ धिस सॉफ्टवेअर.’ जे माहीत नाही ते कर्ता असेल, तर ‘टू’ : ‘धिस सॉफ्टवेअर इज अनफॅमिलिअर टू मी.’ ही अदलाबदल महागात पडते. ‘आय ॲम अनफॅमिलिअर टू धिस सिटी’ म्हणजे या शहराला मी अनोळखी! शहरात नवे असाल, तर सरळ ‘आय ॲम न्यू टू धिस सिटी’ म्हणा.

‘अबाउट’ आपल्या ‘बद्दल माहिती नाही’मधून घुसतो. तो इथे चालत नाही.

याहून नाजूक फरक ‘अनअवेअर ऑफ’चा. ‘आय वॉज अनअवेअर ऑफ द रूल’ म्हणजे असा नियम आहे हेच ठाऊक नव्हतं. ‘अनफॅमिलिअर विथ द रूल’ म्हटलं, तर नियम आहे हे कदाचित ऐकून असाल, पण त्याचे बारकावे माहीत नाहीत. खुलासा लिहिताना हा फरक जरूर पाळा; वाचणारा त्यावरून तुमची जबाबदारी ठरवतो.

बोलताना मात्र ‘आय ॲम नॉट फॅमिलिअर विथ इट’ जास्त सहज वाटतं. साहेबांना मी तर लिहीन : ‘आय हॅव नॉट यूज्ड धिस सॉफ्टवेअर बिफोर.’