घरकामातील स्पॅनिश: पाठ केलेल्या शब्दांचे धोके

घरकामाची भाषा हा कोणत्याही भाषेचा सर्वांत सोपा भाग समजला जातो, कारण झाडणे, पुसणे, धुणे, वाळत घालणे या क्रिया सगळ्या घरांत सारख्याच असतात. परंतु शब्दांच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत स्थानिक असतो आणि एका मुलखात पाठ केलेला शब्द दुसऱ्या मुलखात निरुपयोगी, प्रसंगी अपमानास्पदही ठरतो. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरील या जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी, हिंदी आणि शाळेतील प्रमाण मराठी शेजारीशेजारी नांदतात, त्यामुळे एकीचे ‘झाडणे’ ते दुसरीचे ‘बुहारना’ हे येथील बाईला लहानपणापासून ठाऊक असते. असा तयार कान असूनही प्रस्तुत लेखिकेने मुलीकडे टेक्सासला जाण्यापूर्वी कुडव्याच्या घरी बसून फोनवरील धड्यांतून जे स्पॅनिश पाठ केले, त्यातील बराच भाग तेथे कामी आला नाही, आणि जो आला त्यातील काहीने मन दुखावले. त्या चुकांची कारणे येथे मांडली आहेत.

टेक्सास राज्यातील सुमारे 40 टक्के लोकसंख्या स्पॅनिशभाषक देशांशी नाते सांगणारी आहे, आणि तेथील अनेक मराठी घरांत साफसफाईसाठी येणाऱ्या बाईशी बोलताना इंग्रजीपेक्षा स्पॅनिशचा अधिक उपयोग होतो. पहिली चूक झाली ती ओळखीच्या ध्वनींवर विसंबल्यामुळे. मराठी घरात पोर्तुगीजांकडून आलेले शब्द विपुल आहेत, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या लॅटिनपासून निघालेल्या सख्ख्या बहिणी असल्याने काही ठिकाणी हा वारसा खरोखर हात देतो: ‘चावी’ची स्पॅनिश बहीण ‘याबे’, ‘बिजागरी’ची ‘बिसाग्रा’, आणि ‘पगार’ तर ‘पागार’ म्हणजे ‘पैसे देणे’ या क्रियापदात जवळजवळ जसाच्या तसा भेटतो. मात्र हाच वारसा फसवतोही. ‘साबण’ हा शब्द मराठीत अरबी वाटेने आला की पोर्तुगीज, याविषयी मतभेद असले तरी स्पॅनिशमध्ये साबणाला ‘खाबोन’ म्हणतात आणि ‘साबाना’ म्हणजे अंथरायची चादर. त्यामुळे कपडे धुण्याच्या वेळी ‘साबाना’ मागितल्यावर समोरच्या बाईने धुतलेल्या चादरींची चळत आणून दिली, तर दोष तिचा नसतो. ‘बटाटा’ ज्या ‘बताता’पासून आला, तो शब्द स्पॅनिशभाषक देशांपैकी काहींत रताळ्यासाठी वापरतात, आणि बटाट्याला लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणतात. त्यातही आघात दुसऱ्या अक्षरावर दिला तर तोच शब्द ‘वडील’ या अर्थाचा होतो. ‘इस्त्री’चे मूळ मानला जाणारा ‘एस्तिरार’ म्हणजे नुसते ताणणे, इस्त्री करण्यासाठी ‘प्लांचार’ हे निराळे क्रियापद लागते. म्हणून ओळखीचा शब्द भेटताच आनंद मानण्यापूर्वी तो कोशात पाहावा, हा या प्रकरणातला पहिला नियम आहे.

दुसरी चूक देशांतील फरकाची. स्पॅनिश ही 20 देशांची राजभाषा आहे आणि फोनवरील धडे बहुधा कोणत्या देशाचे स्पॅनिश शिकवत आहेत हे ठळकपणे सांगत नाहीत. स्पेनमध्ये भांडी घासण्यास ‘फ्रेगार’ म्हणतात, परंतु लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात ‘फ्रेगार’ म्हणजे त्रास देणे, कटकट करणे; तेथे भांडी धुण्यास ‘लाबार लोस प्लातोस’, मेक्सिकोत ‘लाबार लोस त्रास्तेस’ असे म्हणावे. स्पेनमध्ये फरशी पुसण्यालाही ‘फ्रेगार’च म्हणतात, तर मेक्सिकोत ‘त्रापेआर’, जे ‘त्रापो’ म्हणजे फडके या शब्दावरून आले आहे. सर्वांत मोठी सावधगिरी ‘कोखेर’ या क्रियापदाबाबत बाळगावी, कारण स्पेनमध्ये त्याचा साधा अर्थ घेणे, उचलणे असा असला तरी मेक्सिकोसह अनेक देशांत तो अश्लील शब्द आहे. त्याऐवजी ‘तोमार’ किंवा ‘अगार्रार’ वापरल्यास कोठेही अडचण येत नाही.

तथापि शब्दांच्या या चुका क्षम्य असतात. समोरची व्यक्ती त्या समजून घेते. ज्या चुकीचे वाईट वाटले ती क्रियापदाच्या रूपाची होती. स्पॅनिशमध्ये ‘तू’साठी ‘तू’च आणि ‘आपण’साठी ‘उस्तेद’ अशी दोन संबोधने आहेत, आणि आज्ञार्थ, म्हणजे एखाद्याला काही करण्यास सांगण्याचे रूप, त्यानुसार बदलते: एकेरीत ‘बार्रे’ म्हणजे ‘झाड’, आदरार्थी ‘बार्रा’ म्हणजे ‘झाडा’. धड्यांतील यादी एकेरी आज्ञार्थाची होती आणि ती जशीच्या तशी पाठ झाली होती, म्हणून लेखिकेने मुलीच्या घरी साफसफाईला येणाऱ्या, आपल्याहून वयाने मोठ्या बाईला कित्येक दिवस एकेरीत हुकूम सोडले. त्या बाईने काम नीट केले, परंतु पहिल्या दिवशी ती जे हसून बोलली होती ते बंद झाले, आणि कारण मुलीने सांगेपर्यंत कळले नाही. गोंदियाकडे ‘हो जी’, ‘काय जी’ या ‘जी’शिवाय वडीलधाऱ्यांशी बोलणे होत नाही, ‘उस्तेद’ हा त्याच ‘जी’चा स्पॅनिश अवतार समजला असता, तर ही चूक घडलीच नसती.

यातून निघणारी शिकवण अशी की घरकामाचे वाक्य हुकुमापासून नव्हे, तर स्वतः करावयाच्या कामापासून शिकावे. ‘बोय आ लाबार’ म्हणजे ‘मी धुणार आहे’, ‘तेंगो के बार्रेर’ म्हणजे ‘मला झाडायचे आहे’, आणि कोणाचेही नाव न घेता ‘आय के सेकार’ म्हणजे ‘पुसून कोरडे करायला हवे’. या तिन्ही रचनांत क्रियापद मूळ रूपातच राहते, म्हणजे मराठी ‘णे’प्रमाणे स्पॅनिश ‘आर’, ‘एर’, ‘इर’ या शेवटांना हात लावावा लागत नाही, आणि कोणाचा अवमानही होत नाही. मदत हवी असल्यास ‘मे आयुदा, पोर फाबोर?’ हा प्रश्न, म्हणजे ‘मला मदत करता का, कृपया?’, हुकुमापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

उच्चारांत मराठी माणसाला लाभ आहे, कारण स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, इंग्रजीसारखे ‘ट’ आणि ‘ड’कडे झुकणारे नाहीत, आणि पाच स्वर स्पष्ट आहेत, म्हणून शब्द देवनागरीत लिहून घेणे श्रेयस्कर, केवळ आघाताच्या अक्षरावर रेघ ओढावी. सरावासाठी पाठांतरापेक्षा हात चालू असताना मोठ्याने बोलणे अधिक टिकते. ‘तेंदेर’ म्हणजे वाळत घालणे किंवा पसरणे, हे क्रियापद कुडव्याकडच्या माणसाने उन्हाळ्यात फडावर वाळत पसरलेली तेंदूपाने डोळ्यांसमोर आणून शिकावे. ‘बार्रेर’साठी ‘बुहारना’ आठवावे, जरी दोघांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही आणि हा निव्वळ ध्वनीचा योग आहे. परतल्यावर कुडव्याच्या अंगणात कपडे दोरीवर टाकताना ‘बोय आ तेंदेर ला रोपा’ म्हणत राहिल्याने लेखिकेचे हे वाक्य पक्के झाले, आणि पुढील भेटीत तिने त्याच बाईला प्रथम विचारले ते असे: ‘दोन्दे पोंगो एस्तो?’, म्हणजे ‘हे कुठे ठेवू?’