योग शिकायला बाली? आधी लोणावळा गाठा

बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ २१ जूनचा योग दिन येतो आणि जुन्नर-आंबेगावातून ठरलेले प्रश्न सुरू होतात. "मुलगी आसनांत हुशार आहे, जिल्ह्यापर्यंत गेली होती. बालीला २०० तासांचा कोर्स आहे म्हणतात, पाठवू का?" "थायलंडचं सर्टिफिकेट जगभर चालतं ना?" "एजंट म्हणतो, कोर्स झाला की तिथंच नोकरी." नारायणगावचे पालक हेच विचारतात, मंचरचे आणि घोडेगावचेही हेच. विमानभाडं धरून खर्चाचा आकडाही बहुतेकदा तोच, तीन लाखांच्या आसपास. म्हणून यंदा एकदाच आणि स्पष्ट सांगतो: योगशिक्षक होण्यासाठी परदेशी जाऊ नका, योगशिक्षक झाल्यावर जा.

हे २०० तासांचं प्रकरण आधी समजून घ्या. हा आकडा ज्या 'योगा अलायन्स'मुळे जगभर रुळला, ती १९९९ साली अमेरिकेत उभी राहिलेली खासगी, ना-नफा संस्था आहे. ती विद्यापीठ नाही आणि सरकारी मंडळही नाही. तिचे निकष मान्य करून फी भरणाऱ्या शाळांची ती नोंद ठेवते. तुमच्या मुलाची परीक्षा ती घेत नाही. शाळाच शिकवते, शाळाच पास करते आणि त्या दाखल्यावर विद्यार्थी पैसे भरून यादीत नाव घालतो. रोजचे आठ तास धरले तर २०० तास २५ दिवसांत संपतात. तेवढ्यात शिक्षक तयार होतो, असं तुम्हाला खरंच वाटतं का? शिवाय त्याच यादीतला, तेवढ्याच तासांचा कोर्स ऋषिकेशला आणि गोव्यात बऱ्याच कमी पैशांत होतो. तिथं शिकायला युरोप-अमेरिकेतून माणसं येतात, आणि आपण मुलांना उलट्या दिशेनं धाडायला निघालोय.

परदेशातले सगळेच कोर्स भुक्कड असतात असं नाही. बर्लिनमधली एखादी बाई नोकरीतून महिन्याची रजा काढते, समुद्रकाठी राहून आसनं शिकते आणि परत जाऊन आपल्या गल्लीत आठवड्याला दोन वर्ग घेते. हा कोर्स तिच्यासाठी बेतलेला आहे. तिचं पोट त्यावर नाही, तिला तिच्याच देशात शिकवायचंय आणि तिचे विद्यार्थी तिचीच भाषा बोलतात. ओतूरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला यातलं काहीच लागू होत नाही.

राहिलं एजंटचं 'तिथंच नोकरी'. इंडोनेशिया असो की थायलंड, टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन शिकवणं बेकायदा आहे. पकडले गेलात तर दंड होतो आणि घरी पाठवलं जातं. परदेशात नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो. त्याच्या सेवाशुल्कालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. एजंटकडे नोंदणी क्रमांक मागा. "आम्ही फक्त कोर्सचं बघतो," असं उत्तर आलं, तर नोकरीचं आश्वासन तिथंच निकालात निघालं.

आता आपल्याच जिल्ह्यात काय आहे ते पाहा. चाकण-तळेगावमार्गे लोणावळा एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथं कैवल्यधाम काढलं. आसन-प्राणायामानं शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यांनी उपकरणं लावून मोजायला घेतलं आणि ते छापायला 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढलं. तिथल्या महाविद्यालयात पदवीनंतर योगशिक्षणाची पदविका करता येते. त्यात शरीररचना, मूळ ग्रंथ आणि प्रत्यक्ष वर्ग घेण्याचा सराव, असं सगळं येतं. पुण्यात मॉडेल कॉलनीत १९७५ पासून योगगुरू अय्यंगारांची संस्था आहे. तिथं शिकायला परदेशातले लोक आधी अनेक वर्षांचा सराव करून येतात. त्या परंपरेत शिक्षक व्हायलाही वर्षं जातात, महिन्यात काम होत नाही.

अय्यंगारांचंच उदाहरण घ्या. ते १९३७ साली पुण्यात शिकवायला आले. १९५२ मध्ये मुंबईत त्यांची व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी भेट झाली आणि मेन्युहिन यांच्याच बोलावण्यावरून १९५४ साली ते युरोपात गेले. म्हणजे आधी सतरा वर्षं पुण्यात शिकवलं आणि मग परदेशातून बोलावणं आलं. तुमच्या मुलाला सतरा वर्षं थांबायला नको, पण क्रम हाच ठेवा.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगतो. बारावीनंतर आधी पदवी पूर्ण करा, कुठलीही चालेल. जोडीला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका करता येते. प्राध्यापकीत रस असेल तर योगात एम. ए. आणि मग नेट. आणि प्रत्येकानं आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा द्यावी. त्याच्या पहिल्या मुख्य पायरीला २०० तास, पुढच्याला ४००, शिक्षक-मूल्यांकनकर्त्याला ८०० तास आहेत. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही असतं, आणि शाळेनं पास केलं तरी ही परीक्षा वेगळी द्यावीच लागते.

आता ज्याबद्दल मला कुणीच विचारत नाही ते सांगतो. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद ही १९५० साली स्थापन झालेली सरकारी संस्था परदेशातल्या भारतीय सांस्कृतिक केंद्रांवर योगशिक्षक नेमून पाठवते. असं केंद्र बँकॉकला आहे, जकार्त्याला आहे आणि बालीतही आहे. म्हणजे ज्या बेटावर तुम्ही लाखो रुपये भरून मुलीला योग शिकायला धाडताय, तिथं भारत सरकार पैसे देऊन योग शिकवायला माणूस पाठवतं. जागा मोजक्या असतात आणि स्पर्धा मोठी. योगातली पदवी किंवा पदविका, शिकवण्याचा अनुभव आणि बोलता येईल असं इंग्रजी लागतं. या तिन्ही गोष्टी घरी राहून कमावता येतात. परिषदेत जागा नाही मिळाली तरी परदेशातली हॉटेलं आणि स्टुडिओही याच तीन गोष्टी विचारतात. नोकरी देणाऱ्यानं व्हिसा काढून दिला, की जाण्यातली निम्मी भीती संपते.

अनुभवासाठी आपले दोन तालुके पुरेसे आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगप्रशिक्षक लागतात. मानधन थोडं असतं, पण समोर खरी माणसं असतात. शेजारीच चाकणच्या कारखान्यांत पाठ धरलेले कामगार आहेत. जुन्नर तर २०१८ मध्ये सरकारनंच पर्यटन तालुका जाहीर केलाय. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट पाहायला आलेली पुण्या-मुंबईची माणसं कृषी पर्यटन केंद्रांत मुक्काम करतात. त्यांचा सकाळचा तास घेणारा स्थानिक, शिकलेला शिक्षक किती केंद्रांकडे आहे? दोन वर्षं हे करा. आसनात मेडल मिळवणारं शरीर अठराव्या वर्षी लवचीक असतंच. गुडघे धरलेल्या सत्तरीच्या आजीला खुर्चीवर बसवून काय करून घ्यायचं आणि काय मुळीच करू द्यायचं नाही, हे ज्याला कळतं तो शिक्षक.

आता आईबापांशी बोलतो. बऱ्याच घरांत बालीला मुलगा निघालेला नसतो, बापाची हौस निघालेली असते. टोमॅटोला एका वर्षी भाव सापडतो, भाऊकीतला कुणीतरी दुबईला असतो आणि सोयरिकीच्या बैठकीत 'आमचा फॉरेनला आहे' म्हणायचं असतं. महिनाभराच्या अशा कोर्सला बँकेचं शैक्षणिक कर्ज सहसा मिळत नाही. मग पतसंस्था, सोनेतारण, नाहीतर रस्त्याकडेचा तुकडा काढायची भाषा सुरू होते. पंचवीस दिवसांनी पोरगं दाखला घेऊन परत येतं. काम मिळत नाही आणि चार महिन्यांत घरातला सूर बदलतो: "एवढे घातले तुझ्यावर." ज्या मुलाला योगानं शांत राहायला शिकवायचं, तोच रात्र-रात्र जागा असतो. हे ओझं त्यानं मागितलं नव्हतं. त्याला खरंच शिकवायला आवडतं का, एवढंही त्याला कुणी विचारलेलं नसतं. ते आज विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ऐकून घ्या.

इतकं ऐकूनही जायचंच असेल, तर शाळेकडून लेखी उत्तरं घ्या. मुख्य शिक्षक कोण, ते स्वतः किती तास शिकवणार, एका तुकडीत किती जण, विद्यार्थी स्वतः किती वर्ग घेणार, मध्येच सोडावं लागलं तर पैसे किती परत? यातल्या एकालाही गोलमोल उत्तर आलं तर विषय सोडा.

या पावसाळ्यात मुलाला घेऊन एकदा लोणावळ्याला जाऊन या आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला. मग ठरवा. माझ्याकडे यायचं तर एजंटला टोकन देण्याआधी या. ते दिल्यावर मी तुमची फक्त समजूत घालू शकतो.