भौतिकोपचार-साहाय्यकाचे शिक्षण

अमेरिकेत वसलेल्या आमच्या आप्तांची काही मुले 'भौतिकोपचार-साहाय्यक' होण्याचे शिक्षण घेत आहेत, म्हणून त्याचे स्वरूप सभासद-कुटुंबांपुढे मांडणे आम्हांस उचित वाटते. १९६७ साली तिकडे सुरू झालेला हा अभ्यासक्रम सुमारे दोन वर्षांचा असतो. पक्षाघात झालेल्यास खाटेवरून खुर्चीत कसे बसवावे, हे विद्यार्थी प्रथम परस्परांवरच गिरवितात: रुग्णाच्या कमरेस पट्टा, स्वतःचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, भार अंगालगत. (आमच्या गोदामांतील जुने हमाल पोती उचलताना हेच सांगत!) अखेरीस रुग्णालयांत प्रत्यक्ष काम असते.

मात्र एक भेद पालकांनी ध्यानी घ्यावा. रोग्याची मूळ तपासणी व उपचाराची आखणी भौतिकोपचारतज्ज्ञाने करावयाची. साहाय्यकाने त्याच्या देखरेखीखाली ती अमलात आणावयाची. तराजू एकाच्या हाती, भाव दुसऱ्याच्या. पुढे तज्ज्ञ व्हावयाचे तर प्रथम पूर्ण पदवी व नंतर बहुधा तीन वर्षांचा डॉक्टरेट अभ्यासक्रम; साहाय्यकाची दोन वर्षे म्हणजे त्या जिन्याच्या निम्म्या पायऱ्या नव्हेत. आमच्या परिचयाच्या एका पित्याने तसे समजूनच शुल्क भरले होते. महाविद्यालयास मान्यता आहे काय, हेही आधी पाहावे. ती नसल्यास परवान्याच्या परीक्षेची वाट सहसा बंदच असते.