निसर्गपाठ : नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्षी
(इयत्ता चौथी)



पक्षी हा विषय आपल्या शाळांतून बहुधा तक्त्यावरून शिकविला जातो. मुले नावे पाठ करतात; परंतु अमुक पक्षी अमुक ठिकाणीच का येतो, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहत नाही. तो उभा करणे हेच प्रस्तुत पाठाचे उद्दिष्ट होय.

पूर्वज्ञान : गावच्या तळ्यावर मुलांनी बगळा पाहिलेला असतो. तो पाण्यात कोठवर उतरतो, असे विचारून पाठास आरंभ करावा.

विषयप्रतिपादन : नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीसाठी बंधारा बांधण्यात आला. पुढे पुराबरोबर गाळ येऊन साचला, पाणी उथळ झाले, मधे बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या. शेतकऱ्याचा पाणीसाठा घटला. पाखरांस मात्र अन्नछत्र उघडले. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. पाणथळ जागांच्या रक्षणार्थ इराणमधील रामसर येथे १९७१ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. ही घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली.

फळ्यावरील काम : काठाकडून खोल पाण्याकडे उतरणारी तिरपी रेघ काढावी. काठाशी लांब पायांचा शेकाट्या. त्यापुढे चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवून भक्ष्य शोधणारा चमचा. पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी. डोके बुडवून शेपटी वर करणारे तलवार बदक. आणि खोल पाण्यात बुडी मारून मासे धरणारा पाणकावळा. नंतर विचारावे, “पाणी हातभर चढले तर कोण उपाशी राहील? सारेच आटले तर?” उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे.

नकाशा : हिवाळ्यात येणारा पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडील सरोवरांकाठी घरटी करतो व हिमालय ओलांडून येतो. त्याचा मार्ग मुलांच्या बोटाने काढवावा.

एक सूचना : एका वर्गात हा पाठ चालू असता एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, हे पक्षी आमचा हरभरा खातात.” गुरुजींनी त्यास गप्प बसविले. हे योग्य नव्हे. मुलाचे बोलणे खोटे नव्हते. पट्टकादंब रात्री शेतांत उतरून कोवळे पीक चरतात. त्याचे म्हणणे फळ्यावर लिहावे. शेजारी, शेतातील खते व औषधे पावसाबरोबर तळ्यात उतरतात, हेही लिहावे. दोहोंचा विचार वर्गाने करावा. ज्या मुलाच्या घरचे नुकसान आपण ऐकून घेत नाही, तो पाखरांची बाजू कधीच ऐकणार नाही.

स्वाध्याय : मुलांनी वडीलधाऱ्यांसह जवळच्या पाण्याकाठी एक घटका शांत बसावे, घरट्यांस हात लावू नये. कोणता पक्षी किती खोल पाण्यात उभा होता, एवढेच वहीत टिपावे. नाव न आल्यास चालेल. अवलोकन खरे असावे.