अन्नदान आणि अन्नदात्याचे कायदेशीर उत्तरदायित्व

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा ही संतांच्या पदस्पर्शाने पुनीत झालेली भूमी आहे. शिर्डी येथे श्री साईबाबा स्वतः हंडीत अन्न शिजवून गोरगरिबांना वाढीत असत. तीच सेवा आज तेथील प्रसादालयात विशाल प्रमाणावर चालते. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या अखंड हरिनाम सप्ताहात गावोगावच्या घरांतून भाकरी येतात आणि लाखोंची पंगत उठते. त्र्यंबकेश्वरहून निघणारी श्री संत निवृत्तिनाथांची पालखी या जिल्ह्यातून पंढरपुरास जाते, तेव्हा वाटेवरील गावे वारकऱ्यांना जेवू घालतात.

दात्याच्या मनात येथे सेवाभावाखेरीज दुसरे काही नसते. तथापि, दान केलेल्या अन्नामुळे कोणास बाधा झाली, तर दात्यास कायद्याचे संरक्षण आहे काय, हा प्रश्न अनेक भाविक व देणगीदार विचारतात. प्रश्न काल्पनिक नाही. दि. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीच्या दिवशी, बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा (ता. लोणार) येथे सप्ताहातील भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा अपुरी पडल्याने दोर बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या.

अमेरिकेत १९९६ साली या विषयावर स्वतंत्र कायदा झाला. सद्भावनेने, खाण्यास योग्य वाटणारे अन्न गरजूंसाठी धर्मादाय संस्थेस देणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. मात्र घोर निष्काळजीपणा अथवा हेतुपुरस्सर गैरकृत्य असल्यास हे संरक्षण मिळत नाही. आपल्या देशातही अपघातग्रस्तास साहाय्य करणाऱ्या परोपकारी व्यक्तीला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ घालून संरक्षण देण्यात आले. अन्नदात्यासाठी मात्र असा स्वतंत्र संरक्षक कायदा आपल्याकडे नाही.

याउलट, अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मध्ये ‘अन्न व्यवसाय’ या शब्दाची व्याख्या नफ्यासाठी असो वा नसो, अशी व्यापक आहे.  धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांचा उल्लेख २०११ च्या नोंदणीविषयक विनियमांत आहे. म्हणून अन्नछत्र चालविणाऱ्या संस्थेने ‘आम्ही तर फुकट वाढतो’ असे म्हटल्याने तिची जबाबदारी सरत नाही. कलम ६५ अन्वये अन्नामुळे मृत्यू ओढवल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत व अन्य इजेस १ लाखापर्यंत भरपाई सांगितली आहे. शिवाय निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ संस्था असो वा व्यक्ती, सर्वांनाच लागू आहे.

हे वाचून कोणी अन्नदानापासून परावृत्त होऊ नये. कारण त्याच अधिनियमाच्या कलम ८० मध्ये दात्याचा खरा आधार आहे. सर्व वाजवी खबरदारी घेतली होती आणि योग्य ती दक्षता बाळगली होती, असे सिद्ध करता आल्यास तो खटल्यात बचाव ठरतो. तात्पर्य, दात्याचे रक्षण हेतूची शुद्धता एकटी करीत नाही. ते घेतलेली काळजी व ठेवलेली नोंद करते. लग्नकार्यातील वा हॉटेलातील उरलेल्या चांगल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ साली स्वतंत्र विनियम झाले व ते दि. १ जुलै २०२० पासून लागू झाले. त्यांचा भरही अन्न वेगळे ठेवणे, त्यावर माहितीची चिठ्ठी लावणे व नोंद ठेवणे यांवरच आहे.

अन्नदान करू इच्छिणाऱ्या भाविकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. शक्यतो शिधा, धान्य अथवा अन्नदानाची रक्कम द्यावी व पावती घ्यावी. शिजविलेले अन्न बाहेरून आणावयाचे असल्यास देवस्थान कार्यालयास आगाऊ कळवावे.

२. धान्य, तेल, भगर यांची खरेदी पावतीसह करावी. भगर पाकीटबंद व मुदतीतील घ्यावी. सुटे वा जुने पीठ टाळावे, कारण दमट हवेत त्यात बुरशी धरते.

३. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम अन्न गरमच वाढावे. कोमट राहिलेल्या भातात काही जिवाणू असे विष निर्माण करतात, की जे पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही.

४. अन्न कोणी, कोठे व किती वाजता शिजविले, याची नोंद वहीत करावी. आचारी वा केटरर नेमताना त्याचा परवाना अथवा नोंदणी पाहावी.

५. अन्नाविषयी शंका आल्यास वाढप तत्काळ थांबवावे. कोणास त्रास होऊ लागल्यास त्यास लगेच दवाखान्यात न्यावे, अन्नाचा नमुना राखून ठेवावा व अन्न व औषध प्रशासनास कळवावे. झालेला प्रकार झाकल्याने रुग्णावर योग्य उपचार होण्यास विलंब होतो आणि दात्याची बाजूही दुबळी होते.

पंगतीला बसलेला भाविक पात्रात काय वाढले आहे याची चौकशी करीत नाही; देवाच्या दारातील अन्न म्हणून तो विश्वासाने घास घेतो. त्या विश्वासाचे पालन हा अन्नदानाच्या संकल्पाचाच एक भाग होय. पावती, नोंदवही व स्वच्छ भांडी यांसाठी दिलेला थोडा वेळ ही देखील सेवाच आहे.