जुन्या जीपचा कार्बोरेटर व नवे पेट्रोल

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पुष्कळ खातेदारांच्या वाड्यांत वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप अथवा फियाट अद्याप उभी आहे. २००० सालाच्या सुमारास नव्या मोटारींतून कार्बोरेटर मागे पडत गेला आणि तो जुळविणारे जाणते मिस्त्रीही विरळ झाले. इकडे पेट्रोलही पालटले. शेकडा २० इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रथम विक्रीस आले व २०२५ साली मिश्रणाचे हे प्रमाण देशभर गाठले गेले. हे इथेनॉल आपल्याच उसापासून व मक्यापासून निघते, सबब त्यास नावे ठेवण्याचे आम्हास कारण दिसत नाही. परंतु साध्या पेट्रोलसाठी घडविलेल्या यंत्रास ते जसेच्या तसे मानवत नाही, हेही खरे.

प्रथम कार्बोरेटरचे कार्य समजून घेऊ. पांझरेच्या फडांतील पाट जेथे चिंचोळा होतो तेथे पाणी वेगाने धावते, हे धुळ्याकडील शेतकऱ्यास सांगावयास नको. वेग वाढला की त्या जागी दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याने १७९७ साली हे प्रसिद्ध केले. कार्बोरेटरच्या गळ्यात हवेचे असेच होते आणि उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या वाटीतील पेट्रोल बारीक भोकाच्या जेटमधून वर ओढले जाते. वाटीतील पातळी राखणारा फ्लोट म्हणजे गुरांच्या हौदावरील तरंगत्या गोळ्याचाच भाऊ होय.

एक भाग साधे पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते; इथेनॉलला ९ भाग पुरते, कारण त्याच्या अंगीच प्राणवायू आहे. शेकडा २० च्या मिश्रणास सुमारे साडेतेरा भाग हवा लागते. जेट मात्र जुनेच! त्यामुळे मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात हवा अधिक व इंधन कमी होते. मग एंजिन उभ्या जागी अडखळते, रेस देताच घुटमळते, तापते आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळण्याचीही भीती असते. उलट आपल्याकडील वैशाखात उष्णतेने हवा विरळ होते व काळ्या मातीच्या फुफाट्याने एअर फिल्टर कोंदतो. या दोन्हींमुळे मिश्रण दाट होते. दोन बाजूंनी अशी ओढाताण असता आंधळेपणाने स्क्रू फिरविणाऱ्याच्या हाती यश कसे यावे?

म्हणून स्क्रूस हात लावण्यापूर्वी इतर गोष्टी नीट कराव्या. जीपच्या फिल्टरमधील तेल गाळाने जड झाले असल्यास बदलावे. प्लग व पॉइंट साफ करून त्यांची फट तपासावी. कार्बोरेटरच्या बुडाशी असलेले पॅकिंग फाटून तेथून हवा शिरत असेल तर सारी जुळवणी व्यर्थ जाते. भर उन्हात वाटेत थांबलेली गाडी पुन्हा सुरू न झाल्यास तो बहुधा पेट्रोलच्या वाफेचा दोष असतो. अशा वेळी बॉनेट उघडून एंजिन निवू द्यावे व पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवावे.

जुळवणी एंजिन पुरते तापल्यावर, चोक पूर्ण मोकळा करून, उघड्यावर करावी; बंद पडवीत धुरातील विषारी वायू जीव घेतो. जवळ विडी वा दिवा नसावा. तत्पूर्वी एंजिन बंद असता मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यावा. जोर केल्यास त्याच्या टोकास चर पडतो व मग तो कधीच नीट जुळत नाही. तेथून दीड फेरा बाहेर घ्यावा व एंजिन सुरू करावे. आता स्क्रू पाव पाव फेरा आत न्यावा. एंजिन आचके देऊ लागले की थांबून तसाच सावकाश बाहेर आणावा. वेग वाढत जाऊन एके ठिकाणी सर्वांत गुळगुळीत चाल लागते आणि त्यापुढे एंजिन जडपणे डुलू लागते. ती गुळगुळीत जागा पकडावी व वाढलेला वेग रेसच्या स्क्रूने उतरवावा. नव्या पेट्रोलवर ही जागा जुन्यापेक्षा किंचित बाहेर सापडते. किती फेरे झाले ते वहीत तारखेसह लिहावे; आमची ही दप्तरी सवय येथेही उपयोगी पडते. कित्येक मोटारसायकलींत हा स्क्रू पेट्रोलचा नसून हवेचा असतो व तेथे सर्व उलट घडते, हे ध्यानी असावे.

हा स्क्रू केवळ मंद चालीपुरता होय. भरल्या गाडीने चढ चढताना इंधन मुख्य जेटमधून येते. दहा-पंधरा किलोमीटर चांगल्या ओझ्याने चालवून प्लग काढून पाहावा. तो विटकरी असल्यास ठीक. काजळी धरली असल्यास मिश्रण दाट. पांढुरका पडला असल्यास पातळ, व तेव्हा एक अंक मोठे जेट बसवावे. जेटमध्ये तार घालून भोक मोठे करण्याची खेड्यांतील रीत आम्हास मुळीच पसंत नाही. जेट हवेच्या झोताने साफ करावे. खिशास चटका नको म्हणून मिश्रण मुद्दाम पातळ ठेवणारेही पुष्कळ; त्यांची बचत पुढे व्हॉल्व्हच्या दुरुस्तीत जाते. फार दाट ठेवल्यास धुराच्या दाखल्याची अडचण होते, कारण २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारींच्या धुरात मंद चालीवर कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३ हून अधिक चालत नाही.

इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा फुगवून मऊ करते. गळलेले पेट्रोल तापल्या एंजिनावर पडून गाडी पेटू शकते. तेव्हा नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्या. ते हवेतील ओलावाही ओढून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असल्यास पेट्रोलची नळी बंद करून वाटीतील पेट्रोल संपेपर्यंत एंजिन चालवावे व मग बॅटरीची तार काढून ठेवावी.